लेव्हल ऐंशी, नेम भिंतीवर

ऑनलाइन खेळणाऱ्याचे कौशल्य मोजण्याची तीन परिमाणे पुण्यात प्रचलित आहेत : खेळलेले तास, गाठलेली लेव्हल आणि जमवलेले गिअर. गिअरमध्ये खेळाच्या आतली चिलखते-बंदुका येतात, तसेच खेळाबाहेरचे माउस, कीबोर्ड, हेडफोन आणि खुर्चीही येते. चौथे परिमाण प्रत्यक्ष खेळाचे आहे. पण खेळ बघायला वेळ लागतो आणि बघितला तरी तो बघणाऱ्याला कळावा लागतो. आकडा कुणालाही कळतो. म्हणून कोथरूड ते खराडी कुठेही दोन खेळणारे भेटले की पहिला प्रश्न ‘लेव्हल किती?’ असा असतो. उत्तर मोठे आले तर विचारणारा आवाज खाली आणतो. लहान आले तर न विचारता आपली सांगतो.

ही मोजणी खेळांनी पुण्यात आणली असे समजू नये. ती शहराच्या अंगात आधीपासून होती. खेळांना फक्त तयार गिऱ्हाईक मिळाले. पेठांतल्या दुकानांच्या पाटीवर मालाच्या नावाइतक्याच ठसठशीत अक्षरांत स्थापनेचे साल असते. एकेरी रस्त्यात उलट दिशेने स्कूटर घालणारे गृहस्थ अडवले गेले की त्यांचा पहिला बचाव ठरलेला असतो.

“चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी पुण्यात.”

“रोज याच बाजूनं?”

१९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी आणि थर्मास घेऊन तीस-तीस वर्षे न चुकता जाणारे श्रोते आहेत. त्यांच्या ऐकण्याच्या तासांची बेरीज एखाद्या होतकरू गायकाच्या रियाजापेक्षा जास्त भरेल. त्यांना समेवर मान हलवता येते, आवारात बटाटेवडा कोणाकडचा घ्यावा हे सांगता येते आणि ‘पूर्वीचं सवाई राहिलं नाही’ हे वाक्य कोणत्याही पट्टीत म्हणता येते. गाता येत नाही. त्यांनी गावे अशी अपेक्षाही कुणी करत नाही. ऑनलाइन खेळांच्या बाबतीत मात्र ज्याचे तास जास्त, त्याने मैफल मारावी अशी समजूत असते, आणि ती सर्वांत घट्ट त्याच्या स्वतःच्या मनात असते.

तास मोजण्याचे काम यंत्र करते. संगणकावरचे खेळ विकणारे स्टीम हे दुकान प्रत्येक खेळापुढे खेळाडूचे एकूण तास लिहून ठेवते. हे तास खेळ चालू असल्याचे असतात, खेळणारा जागेवर असल्याचे नव्हेत. कर्वेनगरातला विद्यार्थी खेळ सुरू करून मेसला जातो, तिथून कट्ट्यावर, कट्ट्यावरून चहाला, आणि साडेअकराला खोलीवर येतो तेव्हा त्याच्या अनुभवात तीन तासांची भर पडलेली असते. त्या तीन तासांत त्याचे पात्र एका भिंतीकडे तोंड करून उभे असते.

दोन हजारच्या दशकात महाविद्यालयांच्या आसपासच्या सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळले जाई, तेव्हा असले फुकट तास जमत नसत. तास रोख पैशांत मिळे. पैसे भरलेल्या तासात कुणी चहाला उठत नसे, लघवीलाही नाही. गल्ल्यावरून “पाच नंबर, वेळ संपली!” अशी हाक येई आणि पाच नंबरच्या हातून उरलेल्या अर्ध्या मिनिटात जो खेळ होई, तो पुढे कुठल्याही महागड्या यंत्रावर कुणाला साधला नाही, असे पाच नंबरचे आजही म्हणणे आहे. पाच नंबरचे वय आता त्रेचाळीस आहे.

प्रत्यक्ष खेळलेल्या तासाचे पृथक्करणही उद्बोधक असते. प्रस्तुत नोंदकाराने एकदा घड्याळ लावून एक तास तपासला. मित्र ‘आलोच’ म्हणून गेला त्याची वाट पाहण्यात तेरा मिनिटे गेली. पात्राची टोपी बदलण्यात सहा. विमानातून उडी कुठे मारायची यावर वाद, त्यात चार. वादानंतर प्रत्येकाने वेगळीकडे मारली. पुढचा वेळ रिकाम्या घरांची दारे उघडण्यात, धावण्यात आणि ‘थांब रे, बॅग भरली’ या वाक्यात गेला. प्रत्यक्ष गोळीबार सत्तेचाळीस सेकंद झाला, त्यापैकी निम्मा एका झाडावर. नोंदकाराच्या नावावर असे अकराशे तास जमा आहेत. शहरातले एकही झाड त्याच्यापुढे सुरक्षित नाही.

तास आणि कौशल्य यांचा संबंध शास्त्रज्ञांनीही तपासला आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८च्या पुस्तकामुळे ‘दहा हजार तास’ हा आकडा जगभर गेला. तो पुण्यातही आला आणि क्लासवाल्यांनी लगेच भिंतीवर लावला. आकडा प्रवास करताना दोन गोष्टी मात्र मागे राहिल्या. एक म्हणजे दहा हजार हा नियम नव्हता, चांगल्या वादकांची सरासरी होती. आणि हे तास नुसते वाजवण्याचे नव्हते, चुका शोधून त्याच त्या पुन्हा घोटण्याचे होते. दुसरी गोष्ट अशी, की जे विद्यार्थी अधिक चांगले वाजवत, ते दुपारी अधिक झोपत. पुण्याने शतकभर एक ते चार शटर खाली ओढून जे सिद्ध केले, त्याला बर्लिनहून दुजोरा मिळाला होता. त्याची मात्र कुणी पाटी लावली नाही.

फर्नांद गोबे आणि गियेर्मो कँपितेल्ली यांनी २००७ साली अर्जेंटिनातल्या बुद्धिबळपटूंचे तास मोजले. मास्टरच्या पातळीला पोचायला एकाला ३,०१६ तास लागले होते आणि दुसऱ्याला २३,६०८. म्हणजे एकच डोंगर, वाट एकच, आणि एकजण दुसऱ्याच्या जवळजवळ आठपट वेळ चालत होता. शिवाय पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त तास घालूनही तिथवर न पोचलेले काही त्याच यादीत होते. २०१४ साली ब्रुक मॅक्नमारा आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकापैकी सरावाने उलगडणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के भरला, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात ४.

हा शेवटचा आकडा सहकारनगरातल्या एका बारावीच्या मुलाने शोधून काढला. रात्री अकरा वाजता ‘एवढे तास अभ्यासाला घातले असतेस तर’ हे वाक्य सुरू होताच त्याने तो आईला वाचून दाखवला.

“शिक्षणात सरावाचा वाटा फक्त चार टक्के असतो, आई. संशोधन आहे.”

“मग ते चार तरी आण.”

इथे लक्षात घेण्यासारखे असे, की तासांवर दोघांचाही सारखाच विश्वास आहे. मुलाला वाटते, इतके तास खेळलो म्हणजे खेळ येतो. आईला वाटते, तेवढेच तास पुस्तकासमोर बसला असता तर पुस्तक आले असते. पुस्तकासमोर बसतानाही तो भिंतीकडेच तोंड करून बसतो, हे दोघांनाही ठाऊक असते. पण वादाच्या भरात ते बाजूला राहते.

तासांवर एकदा कंपनीनेच लगाम घातला. पबजी मोबाइल या खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. त्याचा भारतीय अवतार, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, २ जुलै २०२१ रोजी आला, जुलै २०२२मध्ये दुकानांतून गायब झाला आणि मे २०२३मध्ये परतला तो अटींसह. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. याचा परिणाम असा झाला, की अनेक पुणेकर आजोबा कागदोपत्री खेळू लागले. नातवाने त्यांच्या नंबरावर खाते उघडलेले असल्याने सकाळी पर्वतीला जाऊन आल्यावर दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडलेला हा ज्येष्ठ नागरिक त्याच वेळी खेळातल्या एरँगेल बेटावर हवाई छत्रीने उतरत असतो. एका आजोबांना आपण खेळातल्या प्लॅटिनम श्रेणीला पोचल्याचे कळले तेव्हा त्यांनी पेन्शनशी त्याचा काही संबंध आहे का, एवढेच विचारले.

लेव्हल हे तासांचेच धाकटे भावंड आहे. लेव्हल वर जाते, खाली येत नाही. जिंकले तर गुण जास्त, हरले तर कमी, पण मिळतात दोन्हीकडे. अशा व्यवस्थेत वर न जाण्यासाठी खेळणे सोडून देण्याचे कष्ट घ्यावे लागतात. बीजीएमआयमध्ये लेव्हलशिवाय श्रेणीही असते : ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस, आणि सर्वांच्या वर पाचशे जणांपुरता कॉन्करर. नावे ऐकून ही खेळाची श्रेणी आहे की लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाची भिशी, असा प्रश्न नवख्याला पडतो.

खालच्या श्रेणींत नव्या खेळाडूसमोर माणसांबरोबर बरेच बॉट सोडलेले असतात. बॉट म्हणजे संगणकाने चालवलेले बाहुले. ते उघड्यावर उभे राहतात, दोन गोळ्या आभाळात सोडतात आणि शांतपणे मरतात. पहिल्याच संध्याकाळी बारा जणांना लोळवणारा मुलगा घरात जाहीर करतो, की आपल्याला हे उपजतच येते. वडिलांच्या कार्डावर रॉयल पास येतो. आठवड्याभराने श्रेणी वाढते, बॉट कमी होतात आणि समोर माणसे येतात. माणसे झाडामागे लपतात, हे त्याच्या दृष्टीने अन्यायाचे असते. ‘सगळे हॅकर आहेत’ हा शोध याच सुमारास लागतो.

लपण्याचा मार्ग अर्थात त्यालाही मोकळा असतो. श्रेणीचे गुण मारण्याचे मिळतात तसे टिकून राहण्याचेही मिळतात. त्यामुळे एखाद्या पडक्या घराच्या न्हाणीघरात दार लावून वीस मिनिटे बसलेला खेळाडू शंभरांत तिसरा येऊ शकतो.

“किती मारलेस?”

“एकही नाही.”

“मग तिसरा कसा आलास?”

“बाकीचे बाहेर गेले होते.”

खेळात याला ‘कॅम्पिंग’ म्हणतात आणि नावे ठेवतात. कार्यालयांत याला सेवाज्येष्ठता म्हणतात आणि निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देतात. फरक इतकाच, की खेळात दर हंगामाला श्रेणी थोडी खाली ढकलली जाते आणि पुन्हा वर चढावे लागते. हा नियम कार्यालयांत आणण्याची सूचना अद्याप कुणी केलेली नाही.

गिअरचा इतिहास यापेक्षा थोर आहे. २३ नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खेळाडूच्या प्रत्येक चिलखताला, तलवारीला आणि अंगठीला आकडा होता. २००९च्या सुमारास कुणीतरी या सगळ्या आकड्यांची एकच बेरीज दाखवणारे ‘गिअरस्कोअर’ नावाचे जोडउपकरण लोकप्रिय केले, आणि माणसाशी बोलण्याची गरज संपली. मोठ्या राक्षसावर चालून जाणारी टोळी जमवताना पुढारी प्रत्येकाची बेरीज बघे आणि कमी असेल त्याला दारातूनच परत पाठवी. अडचण एकच होती. चांगले चिलखत त्या राक्षसाकडेच मिळे, आणि राक्षसाकडे जायला आधी चांगले चिलखत लागे. हिंजवडीत पहिली नोकरी शोधलेल्या कुणालाही ही अट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘फ्रेशर हवा, तीन वर्षांचा अनुभव आवश्यक’ ही जाहिरात त्याने तोंडपाठ केलेली असते.

बेरीज बघून निवडलेली ही रत्ने मग आत जात. राक्षस जमिनीवर आग पसरवी. आगीतून बाजूला व्हायचे, एवढे एकच काम असे. तेजाने झगमगणारे महावीर आगीत उभे राहून जळत आणि नंतर उपचार करणाऱ्याला शिव्या देत. चिलखताच्या कुठल्याच भागावर ‘बाजूला हो’ असे लिहिलेले नसे.

बीजीएमआयसारख्या खेळांत ही सोय नाही. तिथे प्रत्येक सामन्यात सगळेच मोकळ्या हातांनी उतरतात आणि हेल्मेटपासून बंदुकीपर्यंत सगळे जमिनीवरून गोळा करतात. मग पैसे कशावर खर्च करायचे? यावरचे उत्तर म्हणजे स्किन. बंदुकीवर बर्फाचे नक्षीकाम असलेली ग्लेशियर स्किन मिळावी म्हणून पेट्यांमागून पेट्या उघडल्या जातात. पेटीत काय निघेल ते नशिबावर असते; बहुधा टोपी निघते. स्किनने गोळीचा मार जास्त लागत नाही. उलट मेलेल्या माणसाची सजवलेली बंदूक उचलून वापरता येत असल्याने ती लांबून चमकताना दिसली की तीन बाजूंनी लोक धावून येतात. अंगावर दागिने घालून तुळशीबागेच्या गर्दीत शिरण्यासारखाच हा प्रकार आहे, आणि त्याचे कारणही तेच : घरी ठेवून काय करायचे?

खेळाबाहेरच्या गिअरची पुण्यातली जुनी जागा तपकीर गल्ली. आता बरीचशी खरेदी मोबाइलवरून होते. पण वस्तू हातात धरून, भाव विचारून, न घेता परत येण्याचे सुख तिथेच आहे. एका गिऱ्हाइकाने एका काउंटरवर विचारले :

“हा माउस घेतला तर नेम सुधारेल का?”

“हलवायचा तुम्हालाच आहे ना?”

“हो.”

“मग साधा घ्या.”

अशा सचोटीने धंदा होत नाही; म्हणून मॉनिटर विकले जातात. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर ते ६.९वर येते. फायदा झाला सुमारे दहा मिलिसेकंदांचा. डोळ्यांनी बघून बोट दाबायला निरोगी माणसाला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. वरच्या दर्जाच्या दोन खेळाडूंची गाठ पडली तर हे दहा खरोखर निकाल फिरवू शकतात. नोंदकाराच्या बाबतीत शत्रू दिसल्यापासून ‘अरे!’ असे म्हणून होईपर्यंत दीड सेकंद जातो. नवा मॉनिटर आल्यापासून आपले मरण त्याला अतिशय स्पष्ट आणि ओघवते दिसते.

पिंगचे, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचेही तसेच. हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर ‘पिंग हाय होता’ असे म्हणण्याची रीत आहे. पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटर धरले, तर काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतो. वाटेतल्या यंत्रांमुळे प्रत्यक्षात तो आकडा बराच वाढतो, हे खरे. तरी निरोप खंडाळ्याच्या घाटात अडकत नाही आणि लोणावळ्याला चिक्कीसाठी थांबत नाही. घरातला राउटर मात्र देव्हाऱ्यामागे, लोखंडी कपाटाच्या वर, दोन भिंतींपलीकडे ठेवलेला असतो, कारण हॉलमध्ये तो ‘बरा दिसत नाही’. हे कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही.

खुर्ची शर्यतीच्या मोटारीतल्यासारखी असते, वास्तविक बसणाऱ्याला कुठेच जायचे नसते. कीबोर्डखाली रंगीत आरजीबी दिवे असतात. त्यांचा उपयोग गुरुवारी होतो. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. दुपारी वीज जाते, सगळे दिवे एकदम मालवतात, आणि चालू सामन्यातून खेळाडू नाहीसा होतो. त्याचे सोबती त्याला पळपुटा म्हणतात. त्या दिवशी गेलेली श्रेणी हीच काय ती गिअरने थेट घडवलेली, निर्विवाद घसरण.

गिअर आणि कौशल्य वेगळे बघायचे तर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढावा. परदेशी बनावटीचे बूट, दोन हातांत दोन काठ्या, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असा जामानिमा केलेली मंडळी पहिल्या चढाला दगडावर बसून घड्याळाकडे बघत असतात. शेजारून डोक्यावर दह्याची मडकी आणि हातात पिशवी घेतलेली, साध्या चपलेतली बाई बोलत-बोलत वर निघून जाते.

“मावशी, किती वेळ लागतो हो तुम्हाला?”

“दही आंबायच्या आत पोचते.”

मावशी हा डोंगर वर्षानुवर्षे चढत आली आहे, म्हणजे तास तिच्याही बाजूने आहेत, असा आक्षेप कुणी घेईल. तो बरोबर आहे. फक्त तिने ते तास कुणाला सांगितलेले नाहीत. विचारणाऱ्यानेही वर पोचून तिच्याकडचे दही खाताना बुटांची किंमतच सांगितली. गिअरचा अगदीच उपयोग नाही असेही नव्हे. चार वर्षांचा, पडद्याला तडा गेलेला, दर दोन मिनिटांनी गोठणारा फोन घेऊन कुणीही कॉन्करर होत नसतो. पण उपयोगाची पायरी लवकर संपते, आणि खरेदीची तिथून सुरू होते.

तास, लेव्हल आणि गिअर न विचारता कौशल्य मोजणारी पद्धतही अस्तित्वात आहे. मूळचे हंगेरीचे, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने स्वीकारली. बलवानाला हरवले तर गुण जास्त, दुबळ्याकडून हरलो तर कपात जास्त. दोघांत दोनशे गुणांचे अंतर असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत असा हिशेब. पट शिसवी आहे की पुठ्ठ्याचा, हे ती विचारत नाही. कोण किती वर्षे खेळतो हेही नाही. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हम्पींसमोर बसली. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या होत्या. दिव्याचा जन्म २००५चा. दिव्याकडे तोवर ग्रँडमास्टरपदाचा एकही नॉर्म नव्हता. टायब्रेकमध्ये ती जिंकली आणि त्या विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली. समोरच्या बाजूला तिच्या वयापेक्षा जास्त वर्षांचे ग्रँडमास्टरपद बसले होते आणि ते पद जराही खोटे नव्हते.

ऑनलाइन खेळही आतल्या आत अशीच गुणमोजणी करतात आणि बरोबरीच्या लोकांशी गाठ घालून देतात. यातून एक दुःखद गोष्ट निष्पन्न होते. मोजणी जितकी चोख, तितका प्रत्येक जण साधारण निम्मे सामने हरतो. सुधारला की समोरचेही सुधारलेले येतात, आणि पुन्हा निम्मे. हजार तास घातलेल्या माणसाला हे पटणे शक्य नसते. त्यामुळे ‘टीम नूब मिळते’, म्हणजे सोबती कच्चे मिळतात, हा सिद्धान्त जन्माला आला. व्हॅलोरंट या खेळात पाचाविरुद्ध पाच खेळतात. कोथरूडच्या एका मुलाला गणित शिकवणाऱ्या त्याच्या मावशीने हिशेब समजावला : समोरच्या संघात नूब बसायला पाच जागा आहेत, तुझ्या संघात चारच, कारण पाचवा तू, तेव्हा शेकडो सामन्यांत नूब समोरच जास्त निघाले पाहिजेत. तसे निघत नसतील तर पाचव्या जागेचा पुन्हा विचार करावा. मुलाने मावशीला म्यूट केले. मावशी त्याच खोलीत उभी होती.

कायद्यालाही कौशल्याच्या व्याख्येत उतरावे लागले आहे. रमी ही मुख्यतः कौशल्याची, की नशिबाची, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच कौशल्याच्या बाजूने मत दिले होते. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या बाबतीत हा वादच मोडीत काढला : कौशल्य असो, नशीब असो, पैसे लावले की बंद. ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली, आणि त्यांचा निकाल शारीरिक चपळता, बौद्धिक तल्लखता, डावपेच अशा गोष्टींवर ठरावा असे म्हटले. त्या यादीत खुर्ची नाही. ज्यांनी ती हप्त्यांवर घेतली आहे त्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

तासांच्या बाबतीत खरे विक्रमवीर वेगळेच आहेत, आणि ते पुण्यातच पगारावर असतात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८पासून आहे. ‘राजी’ हा खेळ नॉडिंग हेड्स गेम्सने इथे घडवून २०२०मध्ये जगापुढे ठेवला. ‘इंडस’ हा बॅटल रोयाल प्रकारचा खेळ सुपरगेमिंगने २०२४मध्ये आणला. खेळ घडवण्याच्या या धंद्यात चाचणी घेणारे लोक असतात. एकाच भिंतीवर चारशे वेळा धडकून ती आरपार जाऊ देते का हे बघणे, एकच दार तीनशे वेळा उघडून मिटणे, हे त्यांचे काम. त्यांच्याइतके तास कुणाकडे नसतात. ते घरी गेल्यावर कॅरम खेळतात.

उलट टोकाला ‘स्मर्फ’ असतो. मुरलेला खेळाडू कंटाळून नवे खाते काढतो : शून्य तास, लेव्हल एक, फुकट मिळालेला सदरा. ‘हा कोण नूब घेतला टीममध्ये,’ असे म्हणत लेव्हल ऐंशीचा पुढारी त्याला गाडीत मागे बसवतो. पुढारी पहिल्याच वळणावर मरतो आणि उरलेला सामना त्याला नूबच्या डोळ्यांनी बघावा लागतो. नूब एकटा सहा जणांना आडवे करतो. पुढारी शेवटी एवढेच म्हणतो, “लक होतं.”

तास, लेव्हल आणि गिअर या तिन्हींचा एक गुण मात्र निर्विवाद आहे : ते विकता येतात. कंपन्यांच्या नियमांत हे बसत नाही, तरी तयार आयडी हातोहात जातात. हडपसरच्या एका नोकरदाराने वरच्या श्रेणीचा, ग्लेशियर स्किनसकट, दोन हजार तासांचा आयडी शनिवार पेठेतल्या विद्यार्थ्याकडून घेतला. तीन आठवड्यांत श्रेणी दोन पायऱ्या खाली आली. त्याने फोन लावला.

“अहो, तुमचा आयडी चालत नाहीये.”

“काय होतंय?”

“मरतोय सारखा.”

“आयडी मरत नाहीये, काका. लॉगिन होतंय ना? स्किन दिसतेय ना? मग माल व्यवस्थित आहे.”

“पण तुम्ही असताना तर चालत होता.”

“हो, पण मला त्यात दिलं नव्हतं.”

“मग परत घ्या की. थोडे कमी द्या.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग मुलाने, घराण्याची तिसरी पिढी ज्या दुकानाच्या गल्ल्यावर वाढली त्या दुकानातल्या पाटीच्या आवाजात सांगितले, की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि एक ते चार फोन करू नये.